एअरसॉफ्ट रायफलची स्लिंग सारखी सैल होते, फिरते, मानेला काचते: कोकणातल्या हवेत कुठली घ्यावी, कशी लावावी

एअरसॉफ्ट म्हणजे प्लॅस्टिकच्या गोळ्या मारणाऱ्या नकली रायफलींनी खेळायचा खेळ आणि स्लिंग म्हणजे त्या रायफलीचा खांद्यावरचा पट्टा. तिच्याबद्दलची तक्रार बहुतेकांची एकाच प्रकारची असते. नवी स्लिंग लावली, पहिले दोन डाव बरे गेले आणि तिसऱ्यापासून रायफल गुडघ्यावर आपटायला लागली. घट्ट केली तर दस्ता खांद्याला टेकत नाही, सैल केली तर पळता येत नाही. मग दुसरी, महागातली मागवली जाते आणि महिन्याभरात तिचीही तीच रड सुरू होते.

दोष बहुधा स्लिंगचा नसतोच. रायफलला ती जिथे अडकवली आहे ती जागा, म्हणजे जोड, चुकलेली असते, नाहीतर नवार आणि बकल एकमेकांच्या मापाचे नसतात. म्हणून स्लिंग सगळ्यात शेवटी विकत घ्यावी. आधी जोड बघायचे, मग दोरीने माप घ्यायचं, मग पैसे काढायचे. खाली त्याच क्रमाने लिहिलं आहे. ज्यांच्याकडे स्लिंग आधीच आहे त्यांनीही सुरुवात जोडांपासूनच करावी. निम्म्या लोकांना नवीन काही घ्यावं लागणार नाही.

रायफल उलटी होते, किंवा नळी सारखी पुढे झुकते

बॅटरी आत, भरलेली मॅगझिन लावलेली, वर साइट असेल तर तीही चढवलेली, अशी पूर्ण तयार रायफल एका ताणलेल्या दोरीवर आडवी ठेवा आणि पुढेमागे सरकवा. जिथे ती दोन्हीकडे न कलता राहते तिथे चिकटपट्टी लावा. हा गुरुत्वमध्य. रिकाम्या रायफलवर ही चाचणी केलीत तर खूण चुकीच्या जागी पडेल, कारण दस्त्यातली बॅटरी आणि भरलेली हाय-कॅप (जास्त गोळ्या मावणारी) मॅगझिन या दोन्हींमुळे तोल सरकतो.

दोन जोडांच्या स्लिंगमध्ये एक जोड या खुणेच्या पुढे आणि एक मागे हवा. दोन्ही मागे आले की नळी खाली जाणार, मग पट्टा कितीही आवळा. पुढचा जोड रिसीव्हरच्या (रायफलच्या मधल्या मुख्य भागाच्या) पुढच्या कडेपासून साधारण १० ते २० सेंटीमीटरवर ठेवावा. जवळ घेतला तर खांदा बदलायला मोकळीक मिळते, पण टांगलेली रायफल जास्त डोलते. पुढे नेला तर पाठीवर टाकून चढ चढताना ती गप्प बसते, पण डाव्या खांद्यावर घेताना पट्टा अपुरा पडतो. सडा (कातळाचं पठार) चढून मैदानावर जायचं असेल तर थोडा पुढे; घरं-गोठे-बागेच्या गडग्यांमधला खेळ असेल तर थोडा मागे.

आता उंची. जोड रायफलच्या पोटाखाली असतील आणि वर दुर्बीण असेल तर जड भाग जोडांच्या वर येतो. हात सोडला की रायफल गर्रकन फिरते आणि साइट खाली, मॅगझिन वर अशी लोंबते. स्नायपर प्रकारच्या रायफलींना खालून स्क्रूचे कडे असतात, तिथे हे हमखास दिसतं. उपाय एकच: जोड बाजूला आणा. उजव्या हाताने खेळणाऱ्याने पुढचा जोड हँडगार्डच्या (नळीभोवतीचा, पुढच्या हाताने धरायचा भाग) डाव्या बाजूला घ्यावा आणि मागचाही डाव्या बाजूला किंवा रिसीव्हरमागच्या प्लेटवर. पुढचा डावीकडे आणि मागचा दस्त्याच्या उजवीकडे असला की पट्टा दस्त्यावरून आडवा जातो, गालाखाली येतो आणि नेम धरतानाच नडतो. डावखुऱ्यांनी हे सगळं उलट करावं.

हँडगार्डवर एम-लॉकच्या (जोड अडकवायच्या लांबट) खाचा असतील तर बाजूला बसणारा क्यूडी, म्हणजे बटण दाबून झटकन सुटणाऱ्या जोडाचा, सॉकेट मिळतो. चार बाजूंच्या जुन्या रेलवर चिमटा बसतो. दोन्ही लावताना स्क्रूला निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) एक थेंब लावा, लाल नको, तो पुन्हा सुटायला तापवावा लागतो. प्लॅस्टिकच्या हँडगार्डला आतून नटाखाली चपटा वॉशर द्या, नाहीतर खाच पसरते.

जोडच उपटून आला, किंवा दस्ता डुगडुगायला लागला

हा एअरसॉफ्टचा स्वतःचा आजार आहे. खऱ्या रायफलींसाठी लिहिलेले सल्ले वाचून स्लिंग लावली की होतो. आपल्या बॅटरीवर चालणाऱ्या एम-४ चा (त्या नावाच्या अमेरिकन रायफलीच्या नकलेचा) दस्ता ज्या नळीवर बसतो ती नळी बऱ्याच मॉडेलमध्ये मागून एका लांब स्क्रूने आवळलेली असते. रिसीव्हर एकतर नायलॉनचा किंवा जस्ताच्या मिश्रधातूचा. एका जोडाची, इलॅस्टिक असलेली स्लिंग बरोबर याच सांध्याला लटकते. पळताना तीन किलोची रायफल दर पावलाला तिथे झटका देते. आधी स्क्रू सैल होतो, मग नळी हलते आणि शेवटी रिसीव्हरच्या मागच्या ओठाला चीर जाते. बॅटरी दस्त्यात असेल तर तिच्या वायरी याच सांध्यातून जातात. नळी फिरली की वायरीचं आवरण घासतं, तांबं उघडं पडतं आणि शॉर्ट होतो. लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीच्या बाबतीत हा आगीचा धोका आहे.

तेव्हा:

दस्ता एका हातात, रिसीव्हर दुसऱ्या हातात धरून पिळून बघा. जरा जरी हालचाल जाणवली तरी आधी बॅटरी काढा, दस्ता उतरवा, मागचा स्क्रू आवळा, वायरी बघा. स्लिंगचा विचार त्यानंतर.

रिसीव्हर प्लॅस्टिकचा असेल तर एका जोडाची स्लिंग वापरूच नका. धातूचा असला तरी ती फक्त आखूड सबमशीनगन प्रकारासाठी ठेवा.

मागची स्लिंग प्लेट घेताना ती इलेक्ट्रिक एअरसॉफ्टसाठीची आहे ना ते विचारून घ्या. खऱ्या रायफलच्या मापाची प्लेट इलेक्ट्रिक एम-४ वर बऱ्याचदा नीट बसत नाही. कानस मारून बसवली की फिरते. गॅस ब्लोबॅकची, म्हणजे गॅसवर चालणाऱ्या रायफलींची, मापं त्यामानाने जवळ असतात.

पुढच्या बाजूचं तसंच. जुन्या पद्धतीच्या एम-४ ला पुढच्या साइटखाली एक त्रिकोणी कडी असते. ती बाहेरच्या नळीवर बसलेली असते आणि ती नळी एअरसॉफ्टमध्ये फार मजबूत नसते. तिथे ओढ बसत राहिली की नळी डुगडुगते, हॉप-अप युनिट (गोळीला उलटी गिरकी देणारा भाग) आणि गिअरबॉक्सचं नॉझल यांची सरळ रेष बिघडू शकते. मग गोळ्या डावीउजवीकडे जायला लागतात आणि माणूस हॉप-अपचं रबर बदलत बसतो. कडी दिसायला छान असली तरी सोडून द्या, हँडगार्डवर जोड घ्या. एके-४७ सारख्या रायफलींत डाव्या बाजूच्या कड्या मुळातच योग्य जागी असतात. फक्त चुंबक लावून बघा: चिकटला तर पोलाद, निश्चिंत वापरा; नाही चिकटला तर बहुधा ओतीव मिश्रधातू, तिथे उड्या मारत खेळू नका. दस्ता घडीचा असेल तर मागचा जोड दस्त्यावर न घेता रिसीव्हरच्या मागच्या टोकाला घ्या, म्हणजे घडी घालताना पट्टा मध्ये येणार नाही.

लांबी चुकते: दोरीने माप

दुकानात लिहिलेल्या लांबीवर जाऊ नका. एकाच लांबीची स्लिंग सडपातळ माणसाला ढिली आणि चेस्ट रिग (मॅगझिन ठेवायचं छातीवरचं जाकीट) घातलेल्याला तोकडी होते. अडीच मीटर दोरी घ्या. खेळताना जे घालता ते सगळं घाला, रिग, भरलेल्या मॅगझिन, मास्क, डोक्यावरचं हेल्मेटसुद्धा. दोरीचं एक टोक पुढच्या जोडाला बांधा. दोरी डाव्या खांद्यावरून, पाठीवरून, उजव्या काखेखालून मागच्या जोडाकडे आणा आणि हाताने धरून ठेवा.

पहिली खूण: रायफल उजव्या खांद्याला लावून नेम धरा, कोपर मोकळं फिरलं पाहिजे. त्या लांबीवर दोरीला स्केचपेनने रेघ.

दुसरी: रायफल डाव्या खांद्यावर घ्या. इथे दोरी जास्त लागते. दुसरी रेघ.

तिसरी: रायफल छातीशी आवळा, इतकी की वाकून जमिनीवरचं उचलताना ती पुढे झुलणार नाही. तिसरी रेघ.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रेघेतलं अंतर म्हणजे तुम्हाला हवा तो सरकता पल्ला. मध्यम बांध्याच्या माणसाला तो ३० सेंटीमीटरच्या आसपास येतो. जी स्लिंग एका हाताने ओढून एवढा पल्ला देते ती घ्यायची. ज्या स्लिंगचं बकल दोन हातांनी सरकवावं लागतं ती मैदानात कोणी सरकवत नाही. ती कायम एकाच लांबीवर राहते आणि गुडघ्यावर आपटण्याची तक्रार तिथूनच येते. नवार आणून स्वतः शिवायची असेल तर दुसऱ्या रेघेच्या लांबीत दोन्ही टोकांच्या दुमडीसाठी मिळून ३० सेंटीमीटर वाढवा. सरकत्या बकलातून नवार दुहेरी जाते, तिथला पल्ला आणखी वेगळा धरावा लागतो.

घट्ट केलेली लांबी आपोआप सैल होते

तीन कारणं, आणि तिन्ही डोळ्यांनी दिसतात.

एक, शेपूट परत घातलेलं नाही. तीन दांड्यांच्या बकलातून नवार एकदाच काढली की ती ओल्यावर सरकते. हुकातून फिरवून आणलेलं टोक पुन्हा त्याच बकलात, पहिल्या थराखालून घातलं पाहिजे, म्हणजे ओढ बसली की वरचा थर खालच्याला दाबतो. बाहेर किमान आठ सेंटीमीटर शेपूट सोडा. ते लोंबून मॅगझिनच्या वाटेत येऊ नये म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचं दोन सेंटीमीटर रुंद कडं कापून त्यावर चढवा. विकतच्या रबरी रिंगपेक्षा हे जास्त टिकतं.

दोन, नवार पातळ किंवा गुळगुळीत आहे. बाजारात बॅगांसाठी जी चकचकीत, हाताला मेणचट लागणारी नवार मिळते ती पॉलीप्रॉपिलीनची. पाणी पीत नाही हा तिचा गुण, पण गुळगुळीत असते आणि उन्हात राहून ठिसूळ होते. स्लिंगच्या बकलात ती टिकत नाही. घट्ट विणीची नायलॉन किंवा पॉलिएस्टर नवार हवी, जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास. रुंदीही जुळवून घ्या: ३२ मिलिमीटरच्या बकलात २५ ची नवार घातली की ती तिरकी सरते आणि एकाच कडेवर घासते.

तीन, बकलात जांभ्याची माती. कातळावर पालथं झोपून खेळलं की तांबडी पूड नवारेच्या विणीत बसते. ती कोरडी असताना बकलाचे दात झिजवते, ओली झाली की वंगणासारखं काम करते. दर खेळानंतर गोड्या पाण्यात खळबळून, जुन्या टूथब्रशने बकलाचे दात घासा. साबण लावलात तर पूर्ण निघेपर्यंत धुवा.

शंका असेल तर घरीच चाचणी करा. पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन पाण्याने भरा, म्हणजे पाच किलो. स्लिंग खुंटीला लावून कॅन लटकवा, बकलाच्या कडेला नवारेवर स्केचपेनने रेघ मारा आणि रात्रभर ठेवा. सकाळी नवार भिजवून पुन्हा तेच. रेघ एक सेंटीमीटरपेक्षा जास्त हलली तर ते बकल आणि ती नवार यांची जोडी चुकीची आहे. नायलॉन ओलं झाल्यावर थोडं ताणतं, तेवढं चालायचंच. रेघ बकलापासून सरकली का, एवढंच बघायचं.

दोन तासांत मान भरून येते

पट्टा मानेवर नाही, मान आणि खांद्याचं टोक यांच्या मध्यावर बसला पाहिजे. तो मानेकडे सरकत असेल तर मागचा जोड फार पुढे आहे किंवा लांबी फार आखूड आहे. आधी ते बदला. त्यानंतर रुंदी: २५ मिलिमीटरची नवार अडीच किलोपर्यंत ठीक, तीन-साडेतीन किलोच्या एम-४ ला ३२ ते ३८, आणि मशीनगन प्रकाराला ५० चा पॅड लागतोच.

पॅडबद्दल एक सांगायला हवं. डोंगराळ, कोरड्या प्रदेशातली मंडळी जाड फोमचा पॅड घ्या म्हणतात. रत्नागिरी-मालवणच्या दमट हवेत तो फोम घाम पितो आणि दोन-दोन दिवस सुकत नाही, आतून बुरशी धरतो, मानेवर पुरळ उठतं. जाळीचा, आरपार हवा जाणारा पॅड घ्या, नाहीतर पॅडच नको, रुंद नवार घ्या. पॅड सरकता असेल तर लांबी ठरवल्यावर तो खांद्यावर आणून बसवा. पुष्कळांचा पॅड पाठीवर असतो आणि खांद्यावर उघडी नवार.

नेमबाजीची स्लिंग चालेल का, असंही विचारलं जातं, विशेषतः २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवल्यापासून. ती स्लिंग वेगळ्या कामाची. ती दंडाला आवळून पालथ्या आणि गुडघ्यावरच्या स्थितीत रायफल स्थिर धरायला असते. उभ्याने ती वापरायला परवानगीच नाही. खांद्यावर वाहून न्यायला तिचा उपयोग नाही.

गंज, मीठ, पाऊस

किनाऱ्यापासून काही किलोमीटर आतपर्यंत खारा वारा पोचतो आणि जून ते सप्टेंबर काहीच धड सुकत नाही. स्लिंगचं पहिलं मरण धातूच्या हुकात असतं. काळा रंग दिलेला साधा पोलादी हुक आतल्या स्प्रिंगपासून गंजतो. वरून ठीक दिसतो आणि एके दिवशी जीभ परत येत नाही. दर महिन्याला हुकाची जीभ दहा वेळा दाबून सोडा. एकदा जरी अडखळली तरी हुक बदला.

हुक घेताना स्टेनलेसचा विचारा, त्यातही ३१६ दर्जाचा मिळाला तर उत्तम. ३०४ ला खाऱ्या हवेत बारीक डाग पडतात, पण काम करतो. मिरकरवाडा, हर्णै, मालवण अशा बंदरांवर बोटीचं सामान विकणाऱ्या दुकानांत हे हुक सुटे मिळतात. अडचण एवढीच की ते जड असतात आणि कडीवर खणखणतात. कडीवर हीट-श्रिंक (तापवली की आवळणारी) नळी चढवा किंवा इन्सुलेशन टेपचे दोन वेढे द्या. बकलं मात्र चांगल्या प्लॅस्टिकचीच घ्या, अॅसिटलची; मिठाने त्यांना काही होत नाही.

क्यूडी स्विव्हलला (पट्ट्याच्या टोकाचा, सॉकेटमध्ये बसणारा बटणाचा खिळा) जास्त जपावं लागतं. त्याच्या आतल्या बारीक गोळ्या रेती आणि मिठाने अडकतात, बटण अर्धवट बाहेर येतं आणि ओढल्यावर स्विव्हल निसटतं. लावल्यावर प्रत्येक वेळी बटण पूर्ण वर आलं का बघा, मग ओढा, मग फिरवून पुन्हा ओढा. एका कंपनीचं स्विव्हल दुसऱ्याच्या सॉकेटमध्ये ढिलं किंवा अतिघट्ट बसणं एअरसॉफ्टमध्ये नेहमीचं आहे. ठोकून बसवू नका, दोन्ही एकाच ठिकाणाहून घ्या. सॉकेट पूर्ण गोल फिरू देणारा असेल तर दोन-चार डावांत पट्टा पिळला जातो, म्हणून फिरणं अडवणारा सॉकेट निवडा. वंगण फक्त सिलिकॉन तेलाचं, एक थेंब. पेट्रोलियमचे फवारे झिरपत हॉप-अपच्या रबरापर्यंत गेले तर रबर फुगतं.

सुती नवार आणि चामडं पावसाळ्यात वापरायचंच नाही, दोन्ही बुरशी धरतात. भिजलेली स्लिंग रायफलवरून काढून सावलीत वाऱ्यावर टांगा. रायफलवर ठेवूनच बॅगेत घातली तर ओल धातूला लागते आणि गंज रायफलला चढतो.

शिवण उसवली असेल तर घरच्या मशीनवर खटाटोप करू नका, सुई मोडते. रिक्षाचं हुड किंवा ताडपत्री शिवणाऱ्याकडे न्या, चार सेंटीमीटर दुमड, चौकोन आणि त्यात फुली, दोरा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा. सुती दोरा घामाने कुजतो. कापलेलं टोक मेणबत्तीवर वितळवलं की गरम असतानाच जुन्या पात्याने चपटं करा; गोळा राहिला तर बकलातून जात नाही आणि मानेला ओरखडे काढतो.

करवंदीच्या जाळ्या, खाडी आणि रस्ता

जाळीत पट्टा अडकून माणूस गळ्याने ओढला जाऊ शकतो. म्हणून स्लिंगमध्ये एक तरी जागा झटकन सुटणारी हवी: पुढचं क्यूडी, किंवा शाळेच्या दप्तराला असतं तसं दोन बाजूंनी दाबायचं बकल. ते डाव्या हाताने, न बघता, तीन सेकंदांत सुटतं का हे घरी करून बघा. उतारावर रायफल टांगताना सेफ्टी लावूनच हात सोडा. रिगची एखादी पट्टी ट्रिगरमध्ये शिरणं दुर्मीळ नाही.

होडीने किंवा तरीने खाडी ओलांडताना स्लिंग अंगावर ठेवू नका. रायफल बॅगेत, बॅग मोकळी. पाण्यात पडलात तर आडवा पट्टा आणि तीन किलो वजन पोहू देत नाही.

आणि मैदानाबाहेर रायफल कधीही खांद्यावर दिसता कामा नये. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एके-४७ रायफली असलेली बेवारस बोट लागली होती. गावांतली सागर सुरक्षा दलाची माणसं आणि सागरी पोलीस अशा गोष्टींकडे गांभीर्याने बघतात, आणि ते बरोबरच आहे. खेळ ठरला की जागामालक आणि स्थानिक पोलीस ठाण्याला आधी कळवा. प्रवासात स्लिंग सोडवून वेगळी गुंडाळा, मॅगझिन काढलेली, बॅटरी वेगळ्या पाकिटात, नळीच्या तोंडावर कापडी टोपी आणि सगळं बंद बॅगेत. एसटीत बॅग पायाशी ठेवा, टपावर नाही.